अभ्यास हवा, पण झोप मोडून नको!

परीक्षा जवळ आल्या की आपल्या वस्तीतील काही घरांत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दिवा जळताना दिसतो. तो दिवा पाहून आम्हाला मनापासून आनंद होतो. ज्यांच्या आजा-पणजांना पाटीला हात लावू दिला गेला नाही, त्यांची मुले-मुली आज रात्र रात्र पुस्तक घेऊन बसतात, ही साधी गोष्ट नाही. तरीही त्या दिव्याखाली बसलेल्या मुलांशी आणि त्यांच्या आई-वडिलांशी आज थोडे स्पष्ट बोलायचे आहे. अभ्यासासाठी आपण जी झोप मोडतो, त्या झोपेतच अभ्यास पक्का होत असतो.

आमचीच गोष्ट सांगतो. दहावीला बीजगणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री आम्ही डोळ्याला डोळा लागू दिला नाही. चहावर चहा घेतला. पहाटेपर्यंत सगळी सूत्रे तोंडपाठ झाली. पण पेपर हातात पडला आणि अक्षरे डोळ्यांपुढे नाचू लागली. पाठ असलेले सूत्र आठवेना, साध्या बेरजा चुकू लागल्या. घरी आलो तर वडील म्हणाले, "अरे, रात्रभर तर बसला होतास!" अभ्यास कमी पडला असेच त्यांना वाटले, आम्हालाही तसेच वाटले, म्हणून पुढच्या पेपरला आम्ही आणखी जागलो! कमी पडली होती ती झोप, हे उमगायला पुढे बरीच वर्षे गेली.

झोपेत मेंदू काय करतो?

झोप म्हणजे मेंदू बंद, असा आपला समज असतो. तो खरा नाही. अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५३ साली दाखवून दिले की झोपेत काही वेळ बंद पापण्यांआड बुबुळे भराभर हलत असतात. स्वप्ने मुख्यतः याच वेळी पडतात. हलकी झोप, गाढ झोप आणि ही स्वप्नांची झोप असा एक फेरा साधारण दीड तासाचा असतो. रात्रीतून असे चार-पाच फेरे होतात. गाढ झोप पूर्वरात्री जास्त, तर स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते.

दिवसभर वाचलेले मेंदू आधी कच्च्या वहीत टिपून ठेवतो, असे समजा. गाढ झोपेत तो ते पुन्हा चाळतो आणि पक्क्या वहीत उतरवतो. झोपच घेतली नाही, तर कच्ची वही तशीच राहते. हे नुसते बोलणे नाही. १९२४ साली कॉर्नेल विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांकडून दहा-दहा निरर्थक शब्द पाठ करून घेतले गेले. पाठांतरानंतर आठ तास झोपले असता त्यांना दहापैकी पाच-सहा शब्द आठवत. तेवढाच वेळ जागे राहिले, तर जेमतेम एखादा! पुढे असंख्य प्रयोगांनी हीच दिशा दाखवली.

अठरा तासांचा अर्थ

येथे आमचे काही तरुण मित्र म्हणतील, "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत, आणि तुम्ही आम्हाला झोपायला सांगता?" प्रश्न रास्त आहे. १४ एप्रिलच्या निमित्ताने अनेक महाविद्यालयांत आणि ग्रंथालयांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. वर्षातून एकदा असे अभिवादन करणे चांगलेच आहे. पण तो रोजचा नियम करू नये.

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग चरित्रकार धनंजय कीर यांनी दिला आहे. परळच्या चाळीत एकच खोली. त्यात भांडीकुंडी, सरपण आणि धूर. उशाशी जाते, पायाशी शेळी. दोघांना एका वेळी आडवे व्हायला जागा नाही. तेव्हा सुभेदार रामजी मुलाला लवकर झोपायला सांगत आणि स्वतः रात्री दोनपर्यंत जागत. दोन वाजता भीमाला उठवून ते त्याच्या जागेवर आडवे होत, आणि भीम मिणमिणत्या दिव्याजवळ पुस्तक उघडून बसे. आपण "दोन वाजता उठून अभ्यास" एवढेच लक्षात ठेवले. त्याआधी मुलाला झोप मिळावी म्हणून बाप जागा राहिला, हे मात्र विसरलो.

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली एक मोजणी प्रसिद्ध केली. सतत सतरा तास जागे राहिलेल्या माणसाचे हात आणि लक्ष यांची चाचणी घेतली, तेव्हा त्याची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी घसरलेली आढळली. आपल्या देशात वाहनचालकाला कायद्याने ०.०३ टक्क्यांपुढे परवानगी नाही. म्हणजे रात्रभर जागून पेपरला बसलेला मुलगा दारूच्या थेंबालाही न शिवता झिंगलेला असतो!

घरातील इतरांचे काय?

प्रश्न केवळ मार्कांचा नाही. शिकागोतील आणखी एका प्रयोगात, १९९९ साली, अकरा धडधाकट तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. तेवढ्यातच त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची शक्ती मंदावली. वर्षानुवर्षे कमी झोपणाऱ्यांत मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा आणि हृदयविकार जास्त दिसतात. चिडचिड आणि उदासी वाढते. मुलांच्या वाढीला लागणारा संप्रेरकही मुख्यतः गाढ झोपेतच स्रवतो.

आता आपल्या घरात सर्वांत कमी कोण झोपते, ते पाहा. नळाला पहाटे पाणी येते म्हणून आधी उठते ती आई, आणि भांडी आवरून शेवटी आडवी होते तीही आईच. तिचे डोके दुखते, ती चिडते. आपण म्हणतो, तिचा स्वभावच तसा! दुसरा माणूस रात्रपाळीचा. पूर्वी तो गिरणीत जाई. आज तो इमारतीच्या दारात पहाऱ्याला असतो किंवा इस्पितळात कामाला. शरीरात एक घड्याळ असते आणि ते उजेडावर चालते. ते पेशींच्या आत कसे चालते याच्या शोधाला २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रात्रपाळीने हे घड्याळ बिघडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीचे काम "कर्करोगाला बहुधा कारणीभूत" अशा गटात टाकले. २०१९ साली पुन्हा तपासूनही तेच मत कायम राहिले. याचा अर्थ प्रत्येक रात्रपाळीवाल्याला तो रोग होईल असा नाही. पण दिवसाची त्याची झोप ही चैन नव्हे, औषध आहे, हे घराने ओळखावे.

एवढे तरी करू या

१. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, तेरा ते अठरा वर्षांच्यांना ८ ते १० तास आणि मोठ्यांना निदान ७ तास झोप हवी. झोपण्या-उठण्याची वेळ शक्यतो रोज एकच ठेवा.

२. कठीण विषय संध्याकाळी वाचा, मग झोपा आणि सकाळी उजळणी करा. पेपरच्या आदल्या रात्री नवीन काही उघडू नका.

३. चहातील कॅफिन पाच-सहा तासांनंतरही निम्म्याच्या आसपास अंगात उरते. म्हणून दुपारनंतर चहा आवरा.

४. झोपण्यापूर्वी तासभर मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवा. एका खोलीचे घर असेल, तर सर्वांनी मिळून दिवा मालवण्याची वेळ ठरवा.

५. रात्रपाळी करून आलेला माणूस झोपला असताना खिडकीला जाड चादर लावा. टीव्हीचा आवाज बंद ठेवा.

६. आईचे एक तरी काम रोज दुसऱ्याने उचलावे, म्हणजे तिला तासभर लवकर पाठ टेकता येईल.

७. कोणी फार मोठ्याने घोरत असेल, झोपेत मध्येच श्वास अडकत असेल किंवा महिनोन् महिने झोप लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. झोपेच्या गोळ्या मनानेच घेऊ नका.

जागा नाही, गोंगाट आहे, पाणी अवेळी येते, हे सारे खरे आहे. पण परळच्या त्या खोलीतही जागा नव्हती. तिथे एका बापाने पोराच्या पुस्तकांइतकीच त्याच्या झोपेची काळजी वाहिली. आज रात्री आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी पुस्तकावर डुलक्या घेताना दिसली, तर तिला दटावून जागे करू नका. पुस्तक हलकेच मिटा, अंगावर पांघरूण घाला. धडा सकाळी होईल, आणि तो अधिक चांगला होईल.