परवाना पाच वर्षांचा, प्रकृती आजची

कारंजा तालुक्यातील धनजसारख्या गावात दुचाकी ही चैन नव्हे. शेत, बँक, दवाखाना, कारंज्याचा बाजार, सारे तिच्यावर अवलंबून असते. म्हणूनच सत्तरी ओलांडलेल्या वडीलधाऱ्यांना ‘आता गाडी सोडा’ असे एकाएकी म्हटले, की त्यांचे मन दुखावते.

आपल्याकडे गाडी चालविण्यास कमाल वयोमर्यादा नाही. मात्र पंचावन्न वर्षांनंतर खासगी वाहनाच्या परवान्याचे नूतनीकरण 5 वर्षांपुरतेच होते व त्यासाठी डॉक्टरांचे ‘नमुना 1-अ’ प्रमाणपत्र लागते. त्यातील प्रश्न नेमके आहेत : दिवसाच्या चांगल्या उजेडात 25 मीटरवरील मोटारीची नंबर प्लेट वाचता येते का; रातांधळेपणा, फेफरे, चक्कर, हृदयविकार वा बहिरेपणा आहे का. हा कागद केवळ सहीसाठी पुढे करू नये; तपासणीचा आग्रह धरावा. जपानमध्ये पंचाहत्तरीनंतर नूतनीकरणाच्या वेळी स्मरणशक्तीचीही चाचणी होते.

पाच वर्षांत प्रकृती पुष्कळ बदलते. म्हणून दर सहा महिन्यांनी घरीच पाहावे. पंचवीस मीटर मोजून नंबर प्लेट वाचावी. मान दोन्ही बाजूंना सहज वळते का, ब्रेक घट्ट दाबता येतो का, हे तपासावे. समोरच्या दिव्याने डोळे दिपत असल्यास मोतीबिंदूची शंका घ्यावी. शस्त्रक्रियेनंतर दृष्टी बहुधा सुधारते. परिचित रस्ता चुकणे किंवा गाडीवर नवनवे ओरखडे दिसणे, ही दुर्लक्ष करण्याजोगी लक्षणे नव्हेत.

झोपेच्या व सर्दीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. रक्तदाबाच्या औषधाने चक्कर येऊ शकते. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी गाडी काढू नये व खिशात साखर ठेवावी. घाम, थरथर वा घाबरेपणा जाणवताच गाडी कडेला थांबवावी. औषधे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.

दोष आढळल्यास आधी रात्रीचे, मग महामार्गावरचे वाहन चालविणे थांबवावे. फेफरे, अकस्मात शुद्ध हरपणे किंवा स्मृतिभ्रंश असल्यास तत्काळ थांबून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. 2022 पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास विनामूल्य आहे. उरलेली ने-आण मुला-नातवंडांनी वार ठरवून, न कुरकुरता करावी. किल्ली मागण्यापूर्वी ही सोय लावून दिली, तर वडीलधारे ती आपणहून देतील.