‘चेक’ : एका शब्दाची हकीकत

आपल्या संस्थेच्या जमाखर्चाच्या वह्या उघडून पाहिल्या तर जो इंग्रजी शब्द पानोपानी आढळतो, तो ‘चेक’ होय. गरजू मुलाची फी, एखाद्या भगिनीस दिलेले शिवणयंत्र, आजाऱ्यास औषधासाठी केलेली मदत, प्रत्येक नोंदीपुढे चेकचा क्रमांक आहेच. ‘धनादेश’ हा शब्द छापील पत्रकात शोभून दिसतो. परंतु बोलताना चिटणीसांपासून मदत घेणाऱ्यांपर्यंत सर्वजण चेकच म्हणतात. इतक्या घरोब्याच्या या पाहुण्याचे कूळ कोणते, हे या महोत्सवाच्या निमित्ताने वाचकांस सांगावे असे आम्हांस वाटले.

प्रथम स्पेलिंगचा घोळ. आमच्या पुस्तकांत आणि बँकेच्या छापील पानांवर हा शब्द सी, एच, ई, क्यू, यू, ई असा असतो. परंतु अमेरिकेत असलेल्या भावाचे पत्र येते त्यात तोच शब्द सी, एच, ई, सी, के असा दिसतो. मुले विचारतात की यांतले खरे कोणते? अमेरिकनांना इंग्रजी येत नाही, असे उत्तर देऊन काही शिक्षक मोकळे होतात. पण वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. ‘के’ने संपणारे रूप जुने असून ‘क्यू’ असलेले रूप मागाहून आले आहे. ते का आले, हे समजण्यास बुद्धिबळाच्या पटापासून निघावे लागेल.

आपला ‘चतुरंग’ हा शब्द म्हणजे हत्ती, घोडे, रथ व पायदळ ही सैन्याची चार अंगे. हा खेळ इराणात गेला तेव्हा पहलवी भाषेत त्याचे ‘चत्रंग’ झाले. हिंदुस्थानच्या राजाकडून हा पट नौशेरवान बादशहाच्या दरबारी कोडे म्हणून आला आणि बुजुर्गमिहर वजिराने ते सोडवले, ही कथा फिरदौसीने ‘शाहनाम्या’त सांगितली आहे. पुढे अरबांनी खेळ उचलला. अरबीत ‘च’ नाही, म्हणून ‘शतरंज’ झाले. स्पेनमध्ये त्याचे रूप ‘आहेद्रेस’ आणि पोर्तुगालमध्ये ‘शद्रेज’. पोर्तुगीज माणूस चौकड्यांच्या कापडालाही शद्रेजच म्हणतो, म्हणजे आपले चतुरंग तिकडे सदऱ्यावर जाऊन बसले आहे.

खेळणारा प्रतिपक्षाच्या राजावर मारा आणतो तेव्हा त्यास सावध करण्यासाठी ‘शाह’ असे म्हणण्याचा इराणी रिवाज होता. शाह म्हणजे राजा. मराठीने तोच शब्द ‘शह’ म्हणून घेतला. युरोपात जाताना त्याची बरीच मोडतोड झाली. मध्ययुगीन लॅटिनमध्ये तो ‘स्काकुस’ झाला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’, आणि इंग्लंडात पहिला ‘ए’ गळून उरला ‘चेक’. (फ्रेंचांच्या शब्दांतील असा आरंभीचा स्वर इंग्रजांनी पुष्कळदा टाकला आहे, ‘एस्टेट’ आणि ‘स्टेट’ हे असेच एका मुळाचे दोन शब्द.) ‘एशेक’चे अनेकवचन इंग्रजीत ‘चेस’ झाले. म्हणजे इंग्रज माणूस चेस खेळतो असे म्हणतो, तेव्हा शब्दशः तो ‘राजे’ खेळत असतो! ‘चेकमेट’ म्हणजे ‘शाह मात’. येथील ‘मात’चा अर्थ अरबीप्रमाणे ‘मेला’ असा काहीजण लावतात, तर फारसीप्रमाणे ‘निरुपाय झाला’ असा दुसरे लावतात. आम्हांस दुसरा अर्थ अधिक पटतो, कारण पटावरचा राजा कधीच मारला जात नाही, तो फक्त कोंडला जातो.

आता अर्थांचा प्रवास पाहा. राजाला शह बसला की खेळणाऱ्याच्या मनातली चाल थांबते. म्हणून इंग्रजीत ‘चेक’ म्हणजे अडवणे, आवर घालणे असा अर्थ झाला. मौज अशी की मराठीतही हेच झाले. ‘त्याच्या बेताला चांगलाच शह दिला’ असे म्हणताना पटाची आठवण कोणालाही होत नाही, आणि शहाला काटशह देणाऱ्यांना तर बहुधा पटाची गरजच नसते. शब्दांना असे फिरणे आवडते. फारसीत ‘शिकस्त’ म्हणजे मोडणे, पराभव. आपण मात्र प्रयत्नांची शिकस्त करून विजय मिळवतो.

अडवण्यापासून पुढची पायरी तपासण्याची. जो तपासतो तो अपहाराला आळा घालतो, म्हणून सतराव्या शतकाच्या सुमारास ‘चेक करणे’ म्हणजे पडताळून पाहणे हा अर्थ रुळला. आगगाडीतला तिकीट-चेकर, हमरस्त्यावरचा चेकनाका, डॉक्टरांचे चेकअप ही सारी या शाखेची संतती.

आणि येथेच बँकेचा चेक जन्मास आला. सावकाराला ‘अमक्यास इतकी रक्कम द्यावी’ अशी चिठ्ठी लिहिण्याची चाल इंग्लंडात या नावाआधीची आहे. 1659 सालची 400 पौंडांची अशी एक चिठ्ठी आजही जपून ठेवलेली आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी ‘चेक’ हे नाव प्रथम मिळाले ते या चिठ्ठीला नव्हे, तर तिच्या स्थळप्रतीला. चिठ्ठी खरी की बनावट, हे स्थळप्रतीशी ताडून पाहता येई. म्हणून स्थळप्रत म्हणजे ‘चेक’, खोटेपणाला शह. हळूहळू हे नाव स्थळप्रतीवरून फाडून दिलेल्या कागदावर सरकले.

मग ‘क्यू’ कोठून आला? त्यासाठी त्याच पटाची दुसरी शाखा पाहिली पाहिजे. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशोब एका मोठ्या मेजावर होत असे. त्या काळी रिचर्ड फिट्झनील या खजिनदाराने लिहिलेल्या ग्रंथात या मेजाचे वर्णन आहे. लांबी सुमारे 10 फूट, रुंदी 5 फूट, कडेला चार बोटे उंचीची पट्टी, आणि वर रेघा आखलेले काळे कापड. रेघांमधील रकान्यांत पेन्स, शिलिंग, पौंड अशा क्रमाने सोंगट्या मांडून बेरीज-वजाबाकी करीत. हे कापड बुद्धिबळाच्या पटासारखे दिसे, म्हणून खजिन्याच्या कचेरीला ‘एक्सचेकर’ म्हणजे पटाची कचेरी असे नाव पडले. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही ‘चान्सेलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणतात. या कचेरीत भरण्याची पावती म्हणून खाचा पाडलेली लाकडी काठी उभी चिरून अर्धी देणाऱ्यास व अर्धी घेणाऱ्यास देत. ही चाल 1826 पर्यंत टिकली. पुढे 1834 च्या ऑक्टोबरात साठलेल्या काठ्या पार्लमेंटच्या भट्टीत जाळण्यास घेतल्या आणि त्या आगीत पार्लमेंटची इमारतच जळून गेली. जुनी दप्तरे निकालात काढणाऱ्या आमच्या विश्वस्तांनी हे लक्षात ठेवावे!

‘एक्सचेकर’च्या स्पेलिंगमध्ये क्यू आहे. त्याच्या वजनाने बँकेच्या कागदालाही क्यू देण्याची टूम इंग्लंडात निघाली. गिल्बार्ट नावाच्या बँकिंगवरील लेखकाने एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात स्पष्टच लिहिले की, बहुतेकजण के लिहितात, परंतु घोटाळा होऊ नये म्हणून आपण क्यूचे रूप घेतो. तेच पुढे इंग्लंडात रूढ झाले आणि अमेरिका जुन्यावर राहिली. आपल्याकडील 1881 च्या कायद्यात क्यूचे रूप आहे, तेव्हा येथील विद्यार्थ्याने बँकेच्या कागदाला तेच लिहावे आणि तपासण्याच्या अर्थी के लिहावा. मात्र अमेरिकेतल्या काकांना अडाणी म्हणू नये.

आमच्या बांधवांत एक समजूत ऐकू येते की चेक हा अरबी ‘सक्क’ शब्दापासून निघाला. सक्क म्हणजे देण्याघेण्याचा लेखी दस्तऐवज, हे खरे. दहाव्या शतकातील प्रवासी इब्न हौकल याने सहाराच्या दक्षिण टोकाच्या औदगुस्त शहरी 42,000 दिनारांचा सक्क पाहिल्याचे लिहिले आहे. त्याचेच अनेकवचन ‘सुकूक’ आजच्या अर्थव्यवहारातही वापरतात. परंतु शब्दाची वाट निराळी आहे. हा शब्द अरबांकडून आला असता तर भूमध्य समुद्राच्या बंदरांतून, इटालियन-फ्रेंच व्यापाऱ्यांच्या तोंडून आला असता. प्रत्यक्षात फ्रेंचांनीच तो इंग्रजीतून उचलला. शिवाय इंग्रजीत तो आधी स्थळप्रतीचे नाव होता, हेही विसरता येत नाही. अरबांनी पतपत्राचा व्यवहार दूरवर नेला हे श्रेय मोठे आहे. त्याला उसन्या व्युत्पत्तीची गरज नाही.

बडोद्याच्या वाचकांस हे सारे परके वाटू नये. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1908 साली येथे बँक ऑफ बरोडा काढली. आणि 1931 साली निघालेल्या ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’त राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांपुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली प्रतिशब्द एका ओळीत मांडले गेले. शब्दांची कुळे शोधण्याचा नाद या गावाला जुनाच आहे.

स्पेलिंगची एक बाब मात्र पैशाची आहे. वरील कायद्याच्या 18 व्या कलमाप्रमाणे आकड्यांतील व अक्षरांतील रक्कम जुळत नसेल तर अक्षरांतली खरी धरावी असे आहे. व्यवहारात बँक तो चेक बहुधा परतच करते. खाडाखोड केलेला चेकही आता चालत नाही. आणि 1 एप्रिल 2012 पासून चेकची मुदत सहा महिन्यांऐवजी तीन महिने झाली आहे. आमच्याच शाळेतील एका हुशार मुलीने शिष्यवृत्तीचा पहिला चेक आजीच्या पेटीत इतका जपून ठेवला की पाचव्या महिन्यात तो बँकेत नेला तेव्हा तो मेलेला होता. मुलीला वाटले, वर्ष गेले. खजिनदारांनी पुस्तकाच्या स्थळप्रती काढल्या, बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहिल्या, तर असे न वटलेले आणखी तीन चेक सापडले. चौघांनाही नवे लिहून दिले आणि प्रत्येकाच्या घरी निरोप धाडला.