सिंकखालचं कपाट

सिंकखालच्या कपाटाचं दार उघडलं आणि ते बिजागरीसकट माझ्या हातात आलं. आतल्या कडेला बोट दाबलं, तर ओल्या रव्यासारखा भुसा खाली सांडला. कोथरूडचा हा फ्लॅट आम्ही भाड्याने देतो. ही पार्टिकल बोर्डची कपाटं चार वर्षांपूर्वी मीच बसवून घेतली होती, स्वस्त पडली म्हणून. घर सोडून निघालेली मुलगी दारात अवघडून उभी होती. "काकू, मी खरंच पाणी सांडू दिलं नाही हो," असं दोनदा म्हणाली. खरंच होतं तिचं. पाइपच्या जोडातून पाणी झिरपत होतं. दाबून चिकटवलेला भुसा पाणी पिऊन फुगतो आणि एकदा फुगला की परत बसत नाही. डिपॉझिट पूर्ण परत केलं. माझ्या काटकसरीचा भुर्दंड तिने का सोसायचा?

या वेळी सुतारकाकांना आधीच बोलावलं. त्यांनी प्लायवरचा शिक्का दाखवला. आयएस 303 मधला एमआर प्लाय दमट हवा सोसतो, साचलेलं पाणी नाही. पाण्याजवळ 710, म्हणजे मरीन. पण पुढे म्हणाले, "ताई, भाड्याच्या घरात खोका करताच कशाला? कडप्प्याच्या उभ्या फळ्या टाका, पुढे नुसती दारं लावा." हिशेब केला तर हे मरीनच्या अख्ख्या कपाटापेक्षा स्वस्त पडलं, आणि दगड काही फुगत नाही. दारं तेवढी मरीनची केली, चारही कडा लॅमिनेटच्या पट्टीने बंद करून. ओट्यावर मात्र कडप्पा नको. तो चुनखडीचा दगड, लिंबू-चिंचेने पांढरे डाग धरतो. वर काळा ग्रॅनाइट घेतला.

फरशीसाठी दुकानात गेलो तेव्हा मिस्त्रींनी फुटक्या टाइलचे दोन तुकडे शेजारी धरले. एकीवर छापील नक्षीचा कागदासारखा पातळ थर होता. दुसरी डबल चार्ज, तिचा रंग दोन-तीन मिलिमीटर आत उतरलेला. दर दीड वर्षाने कुणाचं तरी लोखंडी कपाट या फरशीवरून सरकणार. दुसरीच घेतली, दोन बाय दोनची. बाथरूमला खरखरीत टाइल आणि सांध्यांत इपॉक्सी, कारण अ‍ॅसिडने धुतलं की सिमेंटचे सांधे झिजतात.

रंगात मी आता डिस्टेंपरच्या वाटेला जात नाही. पलंगामागे डोकं टेकून तेलाचा गोल डाग पडतोच, आणि तो पुसायला गेलं की फडक्याला भिंतच येते. धुता येणारं इमल्शन, सगळ्या खोल्यांना एकच फिकट बदामी. शेडचा नंबर मीटरच्या पेटीच्या दाराआत लिहून ठेवला. अर्थात जुन्या रंगावर ठिगळ उठून दिसतंच. म्हणून डाग गेला नाही, तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तेवढी एकच भिंत मारायची. बाकी घर तसंच राहतं.

उरलेल्या टाइल्सचं एक खोकं बॅच नंबरासकट माळ्यावर गेलं.

शेवटी प्लंबरने सिंक काठोकाठ भरून एकदम सोडलं. पाइपखाली मी जुनं वर्तमानपत्र अंथरलं आणि घर बंद केलं. सकाळी आधी तेच उचलून पाहिलं. एका कोपऱ्यात रुपयाएवढी ओल होती. प्लंबरला परत बोलावलं आणि नव्या भाडेकरूंना कळवलं, किल्ली दोन दिवस उशिरा मिळेल.