काळी शी आणि लोहाची गोळी

जालना म्हणजे सळ्यांच्या कारखान्यांचं गाव. पण जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर सिस्टरची रोजची झटापट असते ती मिलिग्रॅममधल्या लोखंडाशी. गरोदरपणात रक्तातलं पाणी जवळपास निम्म्याने वाढतं, तांबड्या पेशी मात्र त्या वेगाने वाढत नाहीत. रक्त पातळ होतं. म्हणून एरवी १२ ग्रॅम हिमोग्लोबिन लागत असलं, तरी गरोदर बाईत ११ च्या खाली गेलं की पंडुरोग धरतात. ७ च्या खाली गेलं, तर थेट मोठ्या दवाखान्यात.

चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, किमान १८० दिवस. गोळीत ६० मिलिग्रॅम लोह. गोळ्या फुकट मिळतात, तरी डब्यात पडून राहतात. का? शी काळी होते, मळमळतं, बाई घाबरते. हे होणारच, घाबरू नका, असं सिस्टरने आधीच सांगितलं, तर अर्धी लढाई तिथेच संपते. बाकीची चहाशी आहे. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, त्यामुळे गोळी आणि चहात तासा-दोन तासांचं अंतर हवं. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी. उलट क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं, आणि मोसंबी तर इथल्याच बागांतली! नाहीतर लिंबू आहेच.

दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघणाऱ्या गरोदर बाईच्या पिशवीत माता-बाल कार्ड आणि पुढच्या महिन्यांच्या गोळ्या आहेत का, हे ‘आशा’ताईने गाडी सुटायच्या आधीच बघायला हवं. फडावर गेल्यावर तिला कोण विचारणार?