घरी कोणी नसताना



पत्र आले आणि घराला कुलूप असले तरी काही बिघडत नाही. पोस्टमन ते दाराच्या फटीतून आत सारतो आणि पत्र मुकाट्याने आपली वाट पाहत पडून राहते. दूरध्वनीचे तसे नाही. घंटा वाजते त्या क्षणी कोणी जवळ असेल तर ठीक. नसेल तर कोणाला काय सांगायचे होते ते हवेत विरून जाते. ही उणीव भरून काढणारे साधन म्हणजे निरोप घेणारे यंत्र, अर्थात आन्सरिंग मशीन. ते घरी कसे बसवावे हा आजचा विषय आहे. तारा जोडण्याचे काम पाच मिनिटांचे. खरे काम त्याच्यापुढे सुरू होते, आणि बहुतेक घरी तेवढेच राहून जाते.

ही कल्पना आजकालची नव्हे. डेन्मार्कमधील वाल्डेमार पौल्सेन या अभियंत्याने १८९८ साली पोलादी तारेवर चुंबकाच्या साहाय्याने आवाज उमटवण्याची युक्ती शोधली. तिचा एक उपयोग त्याच्या मनात होता तो हाच : दूरध्वनीवरचा निरोप टिपून ठेवणे. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या ‘टेलिग्राफोन’ यंत्राने ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्स योझेफ याचा आवाज टिपला, आणि तो आजही ऐकता येतो. पुढे १९३० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत क्लॅरेन्स हिकमन याने असे यंत्र चालवूनही दाखवले. परंतु दूरध्वनी कंपनीने ते बाजारात येऊ दिले नाही. आपले बोलणे कोठेतरी साठवले जाते असे कळले तर लोक फोनवर मोकळेपणाने बोलणार नाहीत, अशी तिला धास्ती होती. बाहेरची उपकरणे तारेला जोडण्याची मोकळीक ग्राहकांना १९६८ सालच्या सरकारी निर्णयाने मिळू लागली, आणि त्यानंतर ही यंत्रे घराघरांत शिरली. म्हणजे पाहा, यंत्र केव्हाच तयार होते. प्रश्न होता तो विश्वासाचा. तो आजही तोच आहे.

आता यंत्र करते काय? आपल्या तांब्याच्या तारेवर दूरध्वनी केंद्राकडून सुमारे ४८ व्होल्टचा दाब असतो. कोणी फोन केला की केंद्र त्याच तारेवर घंटेचा उलटसुलट प्रवाह सोडते. आपण रिसीव्हर उचलला की आतली कळ जुळते, तारेतून प्रवाह वाहू लागतो, आणि केंद्राला कळते की माणूस आला. आपले यंत्र हेच करते. ठरलेल्या घंटा मोजते, कळ जुळवते, आपण आधी बोलून ठेवलेला मजकूर ऐकवते, ‘पीं’ असा सूर काढते आणि मग टिपू लागते. केंद्राच्या लेखी फोन उचलला गेलेला असतो. म्हणून पलीकडच्या माणसाला त्या कॉलचा आकार पडू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

जोडणी सोपी आहे. यंत्राला दोन खोबणी असतात. एकीवर ‘लाइन’ आणि दुसरीवर ‘फोन’ असे लिहिलेले असते. भिंतीकडची तार पहिलीत आणि आपला फोन दुसरीत जोडावा. हल्ली पुष्कळ घरी दूरध्वनी काचतंतूवरून येतो. तेथे भिंतीऐवजी कंपनीने बसवलेल्या पेटीवरच्या फोनच्या खोबणीतून तार घ्यावी. मात्र तांब्याच्या तारेला वीज केंद्रातून मिते, तशी या पेटीला मिळत नाही. घरची वीज गेली की पेटीही मुकी आणि यंत्रही मुके. तेव्हा दोन्ही बॅटरीच्या आधारावर ठेवावी. यंत्राला वार व वेळ लावून द्यावी. ‘आत्ता निघतो आहे’ हा निरोप केव्हाचा, हे कळले नाही तर त्याला अर्थ उरत नाही.

घंटा किती मोजाव्यात? घरात गुडघे धरलेली माणसे असतील तर पाच-सहा ठेवाव्यात, नाहीतर ती फोनपर्यंत पोहोचायच्या आधीच यंत्र बोलू लागते. काही यंत्रांत आणखी एक सोय असते. नवा निरोप असेल तर यंत्र दोन घंटांनंतर उचलते, नसेल तर चार. परगावाहून आपणच घरी फोन करावा. तिसरी घंटा वाजली की निरोप नाही असे समजून खाली ठेवावा, पैसे वाचतात. निरोप दुरून ऐकायचे असतील तर गुप्त आकडे दाबावे लागतात. कारखान्यातून आलेले ते आकडे पहिल्याच दिवशी बदलावेत, नाहीतर आपले निरोप दुसरा कोणी ऐकेल.

आता त्या राहून जाणाऱ्या कामाकडे येतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी आमच्या घरी हे यंत्र आले, तेव्हा व्याख्यानाच्या सवयीने मी चांगला मिनिटभराचा मजकूर बोलून ठेवला. चारच दिवसांनी गावाहून मावशीचा फोन आला. माझा आवाज ऐकताच ती बोलू लागली. पण मजकूर चालू असताना यंत्र काही टिपत नाही. सूर वाजल्यावर उमटले ते एवढेच : “मी सांगते आहे आणि हा आपलेच बोलतो आहे.” रात्री आम्ही ते ऐकून हसलो. तिसऱ्या दिवशी कळले की मावशीच्या यजमानांना तालुक्याच्या दवाखान्यात नेले होते आणि तिला सोबत हवी होती. ते पुढे बरे झाले. पण त्या रात्री ती बाकावर एकटी बसून होती. यंत्र नीट चालले होते. दोष माझा होता. मी बोललो, पण तिने केव्हा बोलावे ते सांगितलेच नाही. आणि ऐकूनही उलट विचारपूस केली नाही.

म्हणून मजकूर थोडका असावा : “हे कुलकर्ण्यांचे घर. हा आवाज यंत्राचा आहे. आत्ता फोन घेता येत नाही. ‘पीं’ वाजले की आपले नाव, नंबर आणि काम सांगा. रात्री आम्ही फोन करू.” आम्ही गावाला गेलो आहोत असे मात्र कधीही सांगू नये, ते चोराला दिलेले आमंत्रण होईल. मग परीक्षा घ्यावी. ती घरातल्या शाळकरी मुलाकडून नव्हे, तर आपल्या माणसांतल्या सर्वांत वडील व्यक्तीकडून. तिला निरोप ठेवता आला तर यंत्र बसले.

कोणी म्हणेल, आता खिशाखिशात मोबाइल आहे, हा खटाटोप कशाला? मोबाइलवर राहून गेलेल्या कॉलचा नंबर दिसतो. कारण दिसत नाही. आणि ज्यांना घरचा एकच नंबर पाठ आहे अशी माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांना आपण ‘रात्री फोन करू’ असा शब्द देतो. यंत्र निरोप घेईल. शब्द आपणच पाळायचा आहे. तेव्हा दिवेलागणीला घरी आले की चपला काढाव्यात, हातपाय धुवावेत, आणि यंत्राचा दिवा लुकलुकतो आहे का ते पाहावे.