जुन्या प्रिंटरचा हरपलेला दुभाषी

नवी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाचा सारा कारभार सांभाळणारी मूळ प्रणाली, बसवल्यावर कालपर्यंत नीट चालणारा प्रिंटर एकाएकी छापेनासा होतो, तेव्हा त्याचे रोलर, टोनर किंवा लेझर यांत बहुधा कोणताही बिघाड झालेला नसतो. संगणक आणि प्रिंटर यांच्यामधला दुभाषी तेवढा हरपलेला असतो. या दुभाष्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात, आणि संगणकावरचे पान त्या विशिष्ट यंत्राला समजेल अशा आज्ञांमध्ये मांडणे हे त्याचे काम असते. जुने यंत्र वाचवता येईल की नाही, हे त्याच्या वयापेक्षा ते कोणती भाषा जाणते यावर अधिक अवलंबून असते.

इंचाला ६०० ठिपके या दराने ए-४ आकाराच्या पानावर सुमारे साडेतीन कोटी ठिपक्यांच्या जागा असतात आणि त्यांपैकी कोणत्या काळ्या करायच्या हे कोणाला तरी ठरवावे लागते. १९८५ साली ॲपलने आणलेल्या लेझररायटरमध्ये हे काम प्रिंटरच करत असे : अमुक अक्षर अमुक ठिकाणी, अमुक आकारात, असे पानाचे वर्णन संगणक अडोबीच्या ‘पोस्टस्क्रिप्ट’ या भाषेत पाठवी आणि त्यावरून ठिपक्यांचे चित्र यंत्राच्या आत तयार होई. त्यासाठी त्यात बसवलेल्या प्रोसेसरची गती १२ मेगाहर्ट्झ होती, तर ज्या मॅकिंटॉशला तो जोडला जाई त्याची जेमतेम ८ मेगाहर्ट्झच्या आसपास. एचपीच्या लेझरजेट मालिकेतून रुळलेली ‘पीसीएल’ ही भाषाही याच कुळातली. या भाषांचे नियम प्रसिद्ध असल्यामुळे मूळ ड्रायव्हर मिळेनासा झाला, तरी त्या भाषेचा सर्वसाधारण ड्रायव्हर निवडून वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे यंत्रही बहुतेक वेळा कामाला लावता येते.

खरी अडचण येते ती किंमत उतरवण्यासाठी हा मेंदू काढून घेतलेल्या प्रिंटरांच्या बाबतीत, आणि भारतातील कार्यालयांना परिचित असलेला एचपी लेझरजेट १०२० हे त्याचे ठळक उदाहरण आहे. त्याच्यासाठी ठिपक्यांचे चित्र संगणकालाच रचावे लागते, ते ‘जेबिग’ या पद्धतीने आवळून ‘झेडजेस्ट्रीम’ नावाच्या साच्यात पाठवावे लागते. त्याहून विलक्षण गोष्ट अशी, की यंत्राला चालवणारी अंतर्गत आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, त्यात कायमची साठवलेली नसल्यामुळे वीज चालू केल्यावर प्रत्येक वेळी तीही संगणकाकडूनच घ्यावी लागते. अशा यंत्राचा ड्रायव्हर गेला, म्हणजे त्याची निम्मी रचनाच गेली.

ड्रायव्हर निकामी होतात ते मात्र विनाकारण नव्हे. ३२ बिटांच्या प्रणालीसाठी लिहिलेला ड्रायव्हर ६४ बिटांच्या प्रणालीत चालत नाही. शिवाय, छपाईची कामे रांगेत लावणाऱ्या विंडोजमधील ‘स्पूलर’ या सेवेतील ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची गंभीर त्रुटी २०२१ मध्ये उघड झाल्यावर ड्रायव्हर बसवण्यावरचे निर्बंध कडक झाले, आणि बाहेरच्या कंपन्यांच्या प्रिंटर ड्रायव्हरांचा आधार टप्प्याटप्प्याने काढून घेण्याची घोषणा मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये केली. त्यांच्या जागी ‘आयपीपी’ हा सामाईक संकेत येत आहे, ज्यात प्रिंटर स्वतःच्या क्षमता स्वतः सांगतो आणि वेगळा ड्रायव्हर लागत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच आहे, पण हा संकेत जन्मतः न जाणणाऱ्या यंत्रांना त्यात जागा नाही. म्हणून एखाद्या प्रिंटरचा ड्रायव्हर बंद करताना त्याच्या भाषेचा तपशील प्रसिद्ध करणे उत्पादकांवर बंधनकारक असायला हवे.

तसे बंधन नसतानाही स्वयंसेवी प्रोग्रामरांनी १०२० सारख्या यंत्रांकडे जाणाऱ्या माहितीचा उलगडा करून ‘फूटूझेडजेएस’ हा मुक्त ड्रायव्हर तयार केला, हे त्यांच्या चिकाटीचे मोठे फळ होय. त्याच्या आधारे एक उपाय शक्य होतो : रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक प्रिंटरला यूएसबी तारेने जोडायचा, त्यावर लिनक्स आणि ‘कप्स’ ही छपाई व्यवस्था बसवायची, आणि घरातील नेटवर्कवर तो आयपीपी जाणणारा प्रिंटर म्हणून दाखवायचा. नवा लॅपटॉप किंवा मोबाइल त्याच्याशी आजच्या भाषेत बोलतो, आणि मागे उभ्या असलेल्या १०२० ला दर वेळी सुरू होताना लागणारे फर्मवेअर हा छोटा संगणकच पुरवतो.