सुट्टीत लेकरांना कुठं न्यावं?

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला, की घरोघरी एकच विषय निघतो. यंदा कुठं जायचं? परवा पुण्याहून माझ्या लेकीचा फोन आला. तिची मुलगी सहा वर्षांची, मुलगा अडीच वर्षांचा. "अब्बा, मे महिन्यात चार दिवस नगरला येतोय. भंडारदरा, रेहेकुरी, निघोजचे रांजणखळगे, किल्ला, रणगाडे, चांदबीबी महाल, सगळं दाखवून आणू पोरांना." (कागदोपत्री जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, तोंडातून मात्र नगरच येतं, तेवढं चालवून घ्या.) मी तिला विचारलं, "धाकटा दुपारी किती वाजता झोपतो?" ती म्हणाली, "त्याचा इथं काय संबंध?"

संबंध आहे, आणि तो मला तिच्यामुळंच कळला. तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. ती तेव्हा दोन वर्षांची होती. मित्राची जीप मिळाली होती आणि एका दिवसात चांदबीबी महाल, करंजी घाट, वृद्धेश्वर असं सगळं उरकायचा माझा बेत होता. खरं तर तो महाल चांदबीबीचा नाहीच. मुर्तजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान, त्याची ती तीन मजली अष्टकोनी कबर. हे मी मित्राला अगदी रंगात येऊन सांगत होतो. वेळ दुपारी एकची, महिना मे. लेक कडेवर होती. बराच वेळ ती रडली नाही, म्हणून मला वाटलं, शहाणी आहे. आईनं गालाला हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं, ओठ कोरडे, मान खांद्यावर टाकलेली. करंजी घाट राहिला, वृद्धेश्वर राहिलं. जीप सरळ डॉक्टरांच्या दारात. संध्याकाळी तिनं डोळे उघडून पाणी मागितलं, तोवर माझी सगळी निजामशाही विसरली होती.

डॉक्टरांनी तेव्हा समजावलं ते आजही खरं आहे. लहान मुलाच्या वजनाच्या मानानं त्याची कातडी जास्त, म्हणून बाहेरची उष्णता त्याच्या अंगात लवकर शिरते. घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो, म्हणून ती लवकर बाहेरही पडत नाही. आणि तहान लागली हे त्याला सांगता येत नाही. ते किरकिर करतं, नाही तर गप्प होतं. गप्प झालेल्या लेकराची काळजी जास्त करावी. प्रवासात जलसंजीवनीची पाकिटं ठेवावीत. नसतील तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट पाजावं. मूल मलूल झालं, लघवी बंद झाली, तर मात्र घरचे उपाय करत बसू नये. सावलीत आणून ओल्या फडक्यानं अंग पुसत पुसत दवाखाना गाठावा.

म्हणून माझं म्हणणं असं, की आधी लेकराचा दिवस बघावा, मग नकाशा. त्याचं खाणं कधी, झोप कधी, गाडी किती वेळ सोसते. आपल्या यादीतली निम्मी ठिकाणं इथंच गळतात.

निघोजचंच घ्या. पारनेर तालुक्यात कुकडीच्या पात्रात पाण्याच्या भोवऱ्यात दगडगोटे गरगर फिरत राहिले आणि त्यांनी काळ्या बसाल्टात रांजणासारखे खळगे कोरले. बघण्यासारखी जागा आहे, वादच नाही. पण त्या खळग्यांची खोली वरून कळत नाही, कड गुळगुळीत आणि अडीच वर्षांच्या पोराचा हात कधी निसटेल सांगता येत नाही. दहा वर्षांच्या मुलाला जरूर न्या. धाकट्यासाठी नको.

भंडारदऱ्याचं प्रकरण नाजूक आहे, कारण तिथं जायला सगळ्यांनाच आवडतं. प्रवरेवरचं १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण, मागं कळसूबाई, हवा नगरपेक्षा गार. पण लहान मुलांना घेऊन जायचं तर मुक्कामाला, एका जागी दोन रात्री. सकाळी निघून रात्री परत, हा मुलांवर अन्याय आहे. रंधा धबधबा मेमध्ये पावसाळ्यासारखा कोसळत नाही, हेही पोरांना आधी सांगावं, म्हणजे तिथं भोकाड ऐकावं लागत नाही. पावसाच्या तोंडावर झाडांवर काजवे येतात, ते थोरलीला दाखवावेत. धाकटा आठ वाजता झोपतो, त्याला अंधारात गाड्यांच्या गर्दीत ताटकळत ठेवून काय मिळणार?

कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी मला धाकट्यांसाठी फार पसंत. अभयारण्य लहानसं, सव्वादोन चौरस किलोमीटरच्या आसपास. पहाटे निघून उन्हं चढायच्या आत काळवीट पाहावेत आणि दहाला परत फिरावं. काळवीट उडी मारतो ती मुलाला समजावून सांगावी लागत नाही. रणगाड्यांचंही तसंच. आर्मर्ड कोअरनं १९९४ साली आपल्या शहरात हे संग्रहालय उभारलं, तिथं पाकिस्तानकडून जिंकलेला पॅटनही आहे. मात्र उघडल्या उघडल्या जावं; भर दुपारी लोखंडाला हात लावून पाहा, म्हणजे कळेल.

आणि किल्ला. तो लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा आधी चौकशी करून, ओळखपत्र घेऊन जावं. १९४२ ते ४५ या काळात पंडित नेहरू इथं कैदेत होते आणि १९४४ साली इथंच त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, हे आपण मुलांना सांगतो आणि मुलं जांभई देतात. त्यांना चिमण्यांची गोष्ट सांगावी. मौलाना आझादही तेव्हा इथंच कैदेत होते. त्यांच्या खोलीत चिमण्यांनी घरटी केली. मौलानांनी आधी त्यांना हुसकून पाहिलं, हरले, मग तह केला. तांदळाचे दाणे टाकत टाकत शेवटी चिमण्या त्यांच्या तळहातावरून दाणे टिपू लागल्या. १९४६ साली निघालेल्या 'गुबार-ए-खातिर'मध्ये हे सगळं आलंय. मागं एकदा मी नातीला ही गोष्ट तिथंच सांगितली. नेहरूंची खोली तिनं पाहिली न पाहिली, पण वळचणीला घरटं शोधत अर्धा तास मान वर करून हिंडली. त्या दिवशी आम्ही दुसरं काहीच पाहिलं नाही.

हे सगळं मी लेकीला फोनवर सांगितलं. तिनं यादीतून निघोज खोडलं, महाल संध्याकाळवर ढकलला, किल्ला आणि रणगाड्यांना एकेक सकाळ दिली. दुपारी घरात पडदे ओढून झोप आणि कैरीचं पन्हं, हे नानीकडं सोपवलं. भंडारदरा मात्र खोडायला ती तयार नाही. म्हणते, "एका रात्रीत होईल की, अब्बा." त्यावर आमची बोलणी अजून चालू आहेत.